काठ्यांचा धोंडा

धामणखिंडीतून उंबरजाईच्या देवराईकडे पायवाट वळते, तिथे पहिल्या पायरीच्या अलीकडे एक काळा धोंडा आहे. त्याला टेकवून काठ्या ठेवलेल्या असतात. बांबूच्या, निरगुडीच्या, गुराख्यांच्या हाताने गुळगुळीत झालेल्या, एखादी शहरातून आलेली लोखंडी टोकाची. वर जाणाऱ्याने आपली काठी इथे ठेवायची, उतरताना आपली ओळखून घ्यायची. म्हाताऱ्यालाही यातून सुटका नाही. त्याने कोणाच्या खांद्यावर हात ठेवून चढावं. वर रानात देऊळ, देवळात माणूस नाही, आणि कळसापासून सभामंडपापर्यंत काळ्या तोंडाच्या वानरांचं राज्य. तिथे रिकाम्या हाताने जायचं म्हटलं की नवा माणूस काठी सोडायला मागेपुढे बघतो.

“अंगावर आली तर हो?” असं कोणी विचारलं की खिंडीतली पारूआत्या गुरवीण फणकारते, “काठी नेलीस तर येतील! दर्शनाला निघालास की मारामारीला?” मग धोंड्याशी बसकण मारून ती हकिगत सांगते. तिच्या सासूने तिला सांगितली, सासूला तिच्या सासूने.

पूर्वी म्हणे गाव वरच होतं, देवीच्या पाठीशी. पूजा गुरवांकडे, आणि त्या घराचा एक नेम होता. देवीच्या दारात रोज दोन पानं मांडायची, एक आल्यागेल्याचं आणि एक घरचं. पाहुण्याने घास घेतल्याशिवाय गुरवाच्या घरात कोणी जेवायचं नाही. घाटाची वाट देवळावरूनच जायची, तेव्हा पाहुण्यांना तोटा नव्हता. नेम पाळायला सोपा होता, म्हणून कोणाला जडही वाटला नाही.

मग एका साली तापाची साथ आली. घरटी माणूस गेलं. ठकूबाई गुरविणीचा नवरा गेला आणि त्याच्यामागोमाग तिची लहानगी पोर गेली. गाव खाली हलवावं का, म्हणून उरलेल्यांनी देवीला कळे लावले. पाषाणाच्या दोन्ही खांद्यांना ओल्या कळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. उजवी पडली. देवीचा मुखवटा पालखीत बसला, गुरंढोरं पुढे घातली, आणि गाव खिंडीत उतरायला निघालं.

ठकूबाई देवळाच्या उंबऱ्यावर बसून राहिली. हातात नवऱ्याची घुंगुरकाठी.

धाकटा दीर सखोबा, आता गुरवकी त्याच्याकडे, तिला न्यायला मागे आला. “वहिनी, उठा. देवी निघाली.”

“मुखवटा निघालाय. देवी आत आहे.”

“कळा तुमच्यादेखत पडला ना?”

“भावजी, तुम्हाला खाली जायचं होतं, तुमच्या हातून उजवाच पडणार! माझी दोन माणसं या मातीत आहेत. ती कुठल्या पालखीत घालू?”

सखोबाही त्याच घरातलं हाड. त्याचाही आवाज चढला. “वाट मोडली आता. पाहुणा येणार नाही. नेम धराल तर उपाशी मराल, सोडाल तर देवीला काय तोंड दाखवाल?”

“देवीच्या दारात पाहुणा येतो. आला नाही तर मी अन्नाला शिवणार नाही. ही तिचीच आण!”

सखोबा तिरमिरीत वळला. भूक लागली की येईल खाली मुकाट्याने, असं मनाशी म्हणत तो पालखीमागे गेला. घुंगरांचा, गुरांच्या घंटांचा आवाज खिंडीत विरेपर्यंत ठकूबाई ऐकत बसली. मग फक्त रान उरलं.

कणगीत नाचणी होती. सकाळी उठून ती जात्यावर बसे, दळता दळता ओवी तोंडात येई आणि दुसरी ओवी म्हणायला समोर कोणी नाही म्हणून अर्ध्यावरच थांबे. भाकरी थापून झाली की उरल्या पिठाची छोटी चानकी आपोआप हातून व्हायची. लेकीसाठी. तव्यावर टाकल्यावर तिला आठवायचं. मग ती देवीच्या दारात पळसाची दोन पानं मांडून भाकरी आणि हुलग्याची पिठी वाढे. आणि वाटेकडे डोळे लावून बसे. पाणी तेवढं नेमाबाहेर होतं. ते पिई.

यायचे ते वानर. आधी झाडावर पानं हलत, मग पायरीवर एकेक तोंड दिसे. ठकूबाई काठी घेऊन उठे. “व्हा मागं, मेल्यांनो! पाहुण्याचं पान आहे ते!” घुंगरांचा आवाज झाला की कळप पळे. दिवस कलला की पाहुण्याचं अन्न ती उंबराच्या बुंध्याशी मुंग्यांना घाली, आपलंही घाली, आणि उपाशी निजे.

खाली खिंडीत सखोबा सकाळी अंगणात येऊन वर बघायचा. रानातून धुराची रेघ निघालेली दिसायची. “धूर निघतोय,” तो बायकोला म्हणायचा. “म्हणजे चूल पेटली. जेवतेय वहिनी. राहू दे तिला तिच्या तोऱ्यात.” एवढं बोलून तो भाकरी खायला बसायचा. रागही टिकला आणि मनही शांत झालं. धूर बघून माणूस जेवलं असं धरणाऱ्याला काय म्हणावं, ते पारूआत्या इथे मोठ्याने म्हणते, लिहिण्यासारखं नाही.

ठकूबाईच्या डोळ्यांपुढे अंधारी येऊ लागली तेव्हाची गोष्ट. कळपाच्या जुन्या म्होरक्या हुप्प्याला एका तरण्या नराने मारून बाहेर काढलं. उंबरावरची ती झुंज तिने बघितली होती. म्हातारा कान फाटलेला, एका पायाने लंगडत. आता तो कळपापासून लांब, एकटाच देवळाच्या भिंतीला पाठ लावून बसे. त्या दुपारी पानं मांडलेली असताना तो पायऱ्या चढून आला. ठकूबाईने काठी उचलली. हाताला ती पेलली नाही. निसटली आणि घुंगरं वाजवत पायऱ्यांवरून गडगडत खाली गेली.

हुप्प्या पळाला नाही. त्याने पानावर झडपही घातली नाही. पानासमोर येऊन बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, आणि तिच्याकडे बघत राहिला. वाढायची वाट बघणारा माणूस बसतो तसा.

तेव्हा तिला उमगलं असं सांगतात. देवीने पाहुणा रोज धाडला होता. ती त्याला रोज काठीने हाकलत होती.

“बस बाबा,” ती म्हणाली. “वाढायला उशीर झाला माझ्याकडनं.” तिने चानकी त्याच्या पानावर ठेवली. त्याने आधी तीच उचलली. त्याचा घास झाल्यावर तिने आपल्या पानावरची भाकरी मोडली. कोणीतरी समोर बसून चावत असल्याचा आवाज तिने किती दिवसांनी ऐकला होता. तिला रडू आलं, पण जेवण तिने पुरं केलं.

पुढे त्या दोघांची पंगत रोज बसू लागली, ती वर्षानुवर्षं; कणगी सरेल तशी ती परड्यात नाचणी पेरी. हळूहळू कळपही पायऱ्यांवर येऊन बसे. एकदा वाट चुकलेला एक धनगर तिच्याकडे पाहुण्याच्या पानावर जेवला, तिची हकिगत त्याने तिच्याच तोंडून ऐकली. खिंडीत उतरल्यावर त्याने सखोबाला सगळं सांगितलं. “धूर कसला बघता, गुरव? तुम्ही गेलात त्या दिवसांत ती रांधून मुंग्यांना घालत होती.” सखोबाने मान खाली घातली. वर जायचं त्याने पुष्कळदा ठरवलं, पण पाऊल उचलेना. कोणत्या तोंडाने जाणार?

आणि मग एका सकाळी धूर दिसला नाही.

सखोबा धावतच निघाला. पहिल्या पायरीच्या अलीकडे काळ्या धोंड्याला अडून दादाची घुंगुरकाठी पडली होती, तिच्यावर शेवाळ चढलेलं. ती बघून त्याने आपल्या हातातली काठीही तिथेच ठेवली. वर ठकूबाई खांबाला टेकून बसल्याजागीच गेली होती. समोर दोन कोरी पानं. एका पानाशी म्हातारा हुप्प्या बसलेला, कोणी वाढेल म्हणून.

सखोबाने तिची माती तिच्या माणसांशेजारी केली. मग चूल पेटवली, भाकरी थापली, एक चानकी केली. आधी हुप्प्याला वाढलं. मग वहिनीच्या पानावर बसून तो जेवला. एका सकाळच्या चढणीवर ते पान इतकी वर्षं त्याची वाट बघत होतं.

आजही उंबरजाईला जाणारा काठी धोंड्याशी ठेवतो, वर एक पान जास्त मांडतो आणि त्यावर चानकी वाढतो. वानर झडप घालत नाहीत. पानासमोर येऊन बसतात. आणि आजही धामणखिंडीत एकट्या बाईमाणसाच्या घरातून कितीही धूर निघो, दिवस कलला की शेजारचं कोणीतरी उठतं, तिच्या दारात जाऊन उभं राहतं आणि विचारतं, “जेवलीस का गं?”