सातव्या घराची हाळी

सरुली आजीने तीन दिवसांत एकदाही कुरकुर केली नव्हती. एवढ्याशा गोष्टीने गौराची झोप उडाली होती.

उत्तरेकडच्या उंच डोंगरात सात घरांचं एक गाव होतं. घरं उतारावर एकाखाली एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी. सगळ्यात वर सातवं घर सरुली आजीचं. तिथे ती आणि तिची बकरी. सगळ्यात खाली पहिलं घर गौराचं. तिथे ती आणि तिची चार वर्षांची लेक, बिट्टी. गौराचा नवरा हिवाळाभर मेंढ्या घेऊन खालच्या मुलुखात जायचा.

बर्फ पडू लागला की शेजारी शेजाऱ्याला दिसेनासा व्हायचा. म्हणून त्या गावात एक रीत होती. रोज सकाळी वरच्या घराने खालच्या घराला हाळी द्यायची: आपल्याकडे काय दिसलं, काय घडलं, माणसं-जनावरं कशी आहेत. खालच्याने ते तसंच पुढे सांगायचं आणि त्यात आपलं जोडायचं. नियम एकच. आपण पाहिलेलं आणि ऐकलेलंच सांगायचं. अशी सगळ्या घरांची खबर उतरत उतरत गौराच्या अंगणात यायची. सगळीकडे क्षेम असेल तर गौराने पितळी थाळी एकदा वाजवायची. थाळी वाजली नाही, तर बर्फ कमरेइतका असो की गळ्याइतका, प्रत्येक घराने फावडं घेऊन बाहेर पडायचं.

गौरा थोडं शिकलेली होती. शिकल्यामुळे तिची काळजी कमी झाली नव्हती, काळजीचे प्रकार तेवढे वाढले होते. गेल्या हिवाळ्यात तिला गोठ्याशी अस्वल दिसलं. तिने थाळी वाजवली नाही. सगळं गाव बर्फ तुडवत खाली आलं. अस्वल म्हणजे अक्रोडाचा खुंट निघाला, त्यावर तिनेच वाळत टाकलेली घोंगडी होती. त्या धावपळीत दुसऱ्या घरातल्या धरमूकाकांच्या पायाचं एक बोट गारठून गेलं ते गेलंच. तेव्हापासून गावात कुणी उगाच घाबरलं की लोक म्हणत, "याची गौरा झाली."

तर असा तो बर्फाचा चौथा दिवस. बर्फ आवाज न करता पडतो आणि आधी असलेले आवाजही खाऊन टाकतो. ओढा गप्प होता. कुत्री गप्प होती. त्या पांढऱ्या शांततेतून धरमूकाकांची हाळी आली.

"सातवं घर. चूल पेटली आहे, बकरी उभी आहे. सहावं घर. खिडकीपर्यंत बर्फ, पोराला खोकला. पाचवं घर. म्हशीने रात्री दोर तोडला…"

गौराला कालची खबर आठवली. पाचव्या घराची म्हैस काल बसली होती, आज तिने दोर तोडला. सहाव्याचा बर्फ काल उंबऱ्याशी होता, आज खिडकीशी. सगळ्यांची खबर रोज बदलत होती. सातव्या घराची मात्र तीन दिवस तीच, अक्षराअक्षराने तीच. आणि आजी तर अशी, की ऊन पडलं तरी तक्रार करेल.

"पोरी, वाजव की थाळी!" धरमूकाका ओरडले. "भात गार होतोय."

गौराने काठी उचलली. तेवढ्यात बर्फ थांबला. वाराही पडला. कुणीतरी पडदा बाजूला करावा तसा सगळा उतार वरपर्यंत मोकळा झाला. सात छपरं खाली तोंड करून तिच्याकडे बघत होती. ज्या घरात चूल पेटलेली असते, त्याच्या धुराड्याभोवतीचा बर्फ वितळतो आणि छपरावर काळं कडं उठतं. गौराने कडी मोजली. सहा. सातवं छप्पर दुधासारखं पांढरं होतं. त्यावर पाखराच्या पायाचाही ठसा नव्हता.

मग चूल पेटली आहे असं सांगतंय कोण?

तिच्या मनात नाही नाही ते आलं. मेलेली माणसं आपलं रोजचं काम सोडत नाहीत, असं तिची आई म्हणायची. गौराने पुन्हा मोजलं. पुन्हा सहाच. उजेडाचा खेळ असेल, ती स्वतःला म्हणाली. खुंटाचं अस्वल करणारे डोळे आपले. उगाच कुणाचं आणखी एक बोट जायचं. काठी थाळीपासून वीतभर अंतरावर होती. वाजवली असती तर सगळे आत गेले असते, दारं लागली असती, आणि वर जे काही होतं ते तसंच राहिलं असतं.

"काय गं, पुन्हा अस्वल का?" धरमूकाकांनी विचारलं. वरच्या घरांतून हसण्याचा आवाज आला.

गौराचे कान तापले. पण काठी तिने खाली ठेवली.

"पहिलं घर," ती ओरडली. तिचा आवाज कापत होता. "सहा छपरांवर काळं कडं आहे. सातव्यावर नाही. का नाही ते मला ठाऊक नाही, काका. मला दिसलं तेवढं सांगितलं."

हसणं थांबलं. धरमूकाका अंगणात आले, कपाळावर आडवा हात धरून त्यांनी वर पाहिलं.

"दुसरं घर. मलाही कडं दिसत नाही."

"तिसरं घर. नाही दिसत."

एकेक आवाज वर चढत गेला. चौथं घर, पाचवं घर. मग सहाव्या घरापाशी तो अडकला. तिथे पानदेव राहायचा, आजीच्या अगदी खालचा शेजारी. आजीची हाळी फक्त त्यालाच ऐकू यायची.  शेवटी त्याचा आवाज थेट खालपर्यंत ऐकू आला.

"सहावं घर. आजीची हाळी मी तीन दिवस ऐकलेली नाही."

"मग सांगत काय होतास रे?"

"वारा खालून वर होता, काका. म्हटलं, तिचा आवाज उडून जात असेल. आदल्या दिवशी जे सांगितलं होतं तेच पुढे सांगितलं. ऐकलं नाही म्हणालो असतो तर सगळं गाव बाहेर पडलं असतं. आणि आजी ठणठणीत निघाली असती, तर म्हटलं असतंत, पानदेवची गौरा झाली."

 थाळी वाजली नाही, आणि सहाही घरांच्या वाटांवर फावडी दिसू लागली. सगळ्यांच्या पुढे नऊ बोटांचे धरमूकाका होते.

मागच्या कड्यावरून घसरलेला बर्फ आजीच्या दारावर बसला होता. सरपण दाराबाहेर, आजी दाराच्या आत. दार मोकळं करायला दुपार झाली. आत मिट्ट काळोख होता आणि चुलीत गार राख. बकरी आडवी पडली होती. तिला हात लावला तर लाकूड लागावं तसं लागलं. तिच्या पोटाशी, दोन गोधड्यांखाली आजी होती. डोळे उघडे, पापणी हलत नव्हती.

"आजी," पानदेव कसाबसा म्हणाला.

ओठ हलले. "मी रोज ओरडत होते रे," आजी म्हणाली. "आणि रोज खालून तुझा आवाज यायचा. सातवं घर, चूल पेटली आहे. कालपासून तर मलाच वाटायला लागलं, पेटली असेल बाई. मीच उगाच गारठतेय."

पानदेव तिथेच राखेत बसला. मग उठून त्याने आजीला पाठुंगळी घेतलं आणि आपल्या घरी नेलं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा बर्फ पडत होता. हाळी उतरत आली.

"सातवं घर रिकामं आहे. सहावं घर. आजी आमच्या चुलीपाशी आहे. तिला विचारलं. म्हणते, गुडघा ठणकतोय, बकरीची आठवण येते, आणि तुझ्या बायकोचा चहा पाणचट आहे."

गौराला हसू आलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. तीन रात्रींनंतर तिला निवांत झोप लागली होती. सगळ्यांची खबर ऐकून तिने आपली जोडली, खणखणीत आवाजात.

"पहिलं घर. चूल पेटली आहे. माणसं दोन. दोघीही बऱ्या आहेत."

आणि तिने काठी उचलली. मागे उंबऱ्यात बिट्टी उभी होती, पोटाशी दोन्ही हात धरून.

"आई," ती म्हणाली, "माझं तर रात्रीपासून पोट दुखतंय. तू मला विचारलंच नाहीस."

तात्पर्य: दुसऱ्याचं क्षेम त्याच्या तोंडून ऐकल्यावाचून आपल्या तोंडाने सांगू नये, आणि जे ऐकलं नाही, ते ऐकलं नाही म्हणायला लोक हसतील या भीतीने कचरू नये.