हाकेला ओ

ख्रिस्ती झालेल्या सलोमीची आई बाप्तिस्मा न घेताच गेली. रोज दिवा लावताना ती एवढंच म्हणायची, "देवा, लेकीला सांभाळ." ख्रिस्ती देवळात मृतांच्या स्मरणासाठी होणाऱ्या उपासनेत आईचं नाव एकदा तरी ऐकावं, याची सलोमीला ओढ लागली. ती तिथले धर्मगुरू, उजागरे पाळक यांच्याकडे गेली.

पाळक म्हणाले, "पोरी, ख्रिस्तावाचून देवाची भेट नाही. तिची हाक पोचलीच कुठे?"

"पाळकसाहेब, पवित्र शास्त्रातला 'देव' हा शब्द मिशनरींनी बोटीतून आणला का?"

"छे, तो इथलाच."

"म्हणजे माझ्या आईआज्यांच्या तोंडचा. आणि ख्रिस्तावाचून दुसरा कोणी देव नाही, हे तर तुम्हीच सांगता. मग त्यांच्या हाकेला ओ दुसरं कोण देणार?"

पाळकांनी स्मरणाच्या नावांची यादी पुढे ओढली. मग हळूच म्हणाले, "नाव काय होतं आईचं?"