केतकी स्वप्नात जागी झाली

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या गावात केतकी नावाची मुलगी लग्न होऊन आली. नवऱ्यानं ताटातल्या तांदळात बोट फिरवून तिचं नवं नाव लिहिलं, सुलक्षणा. सगळे म्हणाले, छान. तीही म्हणाली, छान. नव्या सुनेनं दुसरं काय म्हणायचं? कशालाही मान खाली घालून हो म्हणायचं, बरं का.

त्या गावात एक स्वप्नचोर होता. ओळखीच्या माणसाचं रूप घेऊन स्वप्नात यायचा नि काहीतरी मागायचा. आपण हो म्हटलं, की सकाळी ते गेलेलं असायचं.

मग एका रात्री केतकीच्या स्वप्नात सासूबाई आल्या. "बाळ, तुझं गाणं देतेस?" केतकी म्हणाली, "हो." सकाळी जात्यावर बसली, तर गळ्यातून नुसती हवा.

दुसऱ्या रात्री सासूबाई परत. "बाळ, माहेरची वाट देतेस?" "हो." सकाळी दारात उभी राहिली, तर आई कुठल्या बाजूला राहते तेच आठवेना. मग मात्र ती रडत स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली.

"आई, माझी वाट तुम्ही का हो मागून घेतलीत?"

सासूबाईंचा हात पिठात थांबला. "मी मागितली? अगं, मी या घरात कधी कुणाकडे काही मागितलंय? मी सांगते, नि लोक करतात."

मग त्या हळूच म्हणाल्या, "तो चोर होता. आज तो नाव मागेल. केतकी हे नाव. झोपलेलं माणूस जुन्याच हाकेला उठतं. ते गेलं, तर तू उठायचीच नाहीस."

"मग झोपूच नको का?"

"किती दिवस? त्यापेक्षा स्वप्नात जागं व्हायला शीक. आज प्रत्येक कामात तळहात बघ नि स्वतःला विचार, मी जागी आहे का? नजर काढ, परत बघ. जागेपणी रेषा तशाच राहतात, स्वप्नात बदलतात. दिवसा सवय लागली, की रात्री हात आपोआप वर येतो."

मग केतकीनं पाणी भरताना तळहात बघितला, भाकरी थापताना बघितला. जाऊ म्हणाली, "काय गं, हातात सोनं उगवलंय का?"

रात्र झाली. स्वप्नात तेच स्वयंपाकघर. तोच पिठाचा हात.

"बाळ, ते जुनं नाव आता काय कामाचं? देऊन टाक."

ओठांवर हो आलंच होतं. पण हात वर आला. तिनं तळहात पाहिला. नजर काढली. तेवढ्यात फुंकर आली आणि दिवा विझला. रेषा दिसेनात.

आता? ही खरीच सासू असली तर? तिला तोंडावर नाही म्हणणारं त्या घरात कुणी जन्मलंच नव्हतं.

"देतेस ना, बाळ?" आवाज अगदी कानाशी.

केतकीच्या मनात आलं, खऱ्या सासूबाई आधी दिवा लावायला सांगतील.

"नाही," ती म्हणाली. पण अगदी हळू. मग मोठ्यानं, "नाही! हे स्वप्न माझं आहे. मी म्हणेन तेव्हा इथं उजेड पडेल. पड!"

आणि पडला. समोर सासूबाई नव्हत्याच. होता एक बिनचेहऱ्याचा, कावराबावरा चोर. गाठोडं टाकून तो जो पळाला, तो परत त्या गावात फिरकला नाही. केतकीनं गाठोडं सोडलं, आपलं गाणं नि आपली वाट उचलली, आणि उठली.

सकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, आधी पाणी आण."

"आणते. आधी दोन घास खाते."

जाऊ तर हातात भांडं धरून तशीच उभी. सासूबाईंनी केतकीकडे पाहिलं. मग पाट पुढे सरकवला.

"बैस. मलाही वाढ."

पुढे सगळी सुखानं राहिली, अधूनमधून भांडलीसुद्धा. चला, पाय पांघरुणात घ्या. झोपा आता.