टाक्यावरची अक्षरं

“...पण बाबा, हे लेणं कुणी खोदलं, ते तरी ठाऊक आहे का तुम्हाला?”

हिरागीर गोसावी धुनीजवळ बसले होते. म्हणाले, “पांडवांनी. एका रात्रीत.”

भिकाजी हसला.

इंग्रजांच्या राणीच्या अमदानीतली गोष्ट. जुन्नरकडच्या एका डोंगरात ही लेणी आहेत. पटकीच्या साथीत भिकाजीचे आईबाप गेले, तेव्हा हिरागीरबाबांनी त्या पोराला इथे आणून वाढवलं. दगडावर राख पसरून त्याच्याकडून अक्षरं गिरवून घेतली. पुढे तो पुण्याला इंग्रजी शिकला आणि जुन्या वास्तूंची पाहणी करणाऱ्या एका साहेबाच्या हाताखाली लागला. आज बऱ्याच वर्षांनी तो वर आला होता.

“पांडवांनी नाही, बाबा. बुद्धाच्या भिक्षूंसाठी खोदलंय हे. सतराशे-अठराशे वर्षं झाली.”

“एवढी?” बाबांनी छताकडे पाहिलं. “रोज झाडत होतो. म्हणून कळलं नसेल.”

भिकाजीला हे उत्तर रुचलं नाही.

“आपल्या लोकांचं हेच. इतिहासात राहायचं आणि गोष्टी सांगत बसायचं. परका माणूस सात समुद्र ओलांडून आला, तेव्हा कुठे...”

“खरं आहे,” बाबा म्हणाले. “टाक्यावरची अक्षरं तुला वाचता येतात का रे? माझ्या गुरूंना येत नव्हती. त्यांच्या गुरूंनाही नाही.”

दोघं बाहेर पाण्याच्या टाक्यापाशी गेले. भिकाजी वाकला. शेवाळ बाजूला सारत एकेक अक्षर लावू लागला.

“नागपाल माळी... याने हे टाकं दिलं... चारही दिशांनी येणाऱ्या भिक्षूंना.”

“पुन्हा वाच.”

त्याने पुन्हा वाचलं.

बाबांनी त्या ओळीवर तळवा ठेवला. त्यांचे डोळे भरून आले होते.

“माळी होता तर... जन्मभर त्याचं पाणी प्यालो, नाव माहीत नव्हतं. तुझ्या साहेबाला माझा नमस्कार सांग.”

भिकाजी गडबडला. बाबा वाद घालतील अशा तयारीने तो आला होता. वादात सरकारचा हुकूम सांगणं सोपं गेलं असतं.

“बाबा... लेणं आता सरकारच्या ताब्यात गेलंय. धुनीच्या धुराने कोरीवकाम काळं पडतं. इथे कुणी राहायचं नाही. टाक्यातलं पाणीही काढायचं नाही.”

“कुणीच?”

“कुणीच नाही.”

“चारही दिशांनी येणाऱ्यांनी?”

भिकाजी खाली दरीकडे पाहत राहिला. बाबांनी तांब्या टाक्यात बुडवला आणि त्याच्यापुढे धरला.

“चढून आलायस. पी.”

“बाबा, हुकूम...”

“तो उद्यापासून.”

तो प्याला. पाणी तसंच होतं, दातांत कळ आणणारं. लहानपणी तापात बाबा याच पाण्याच्या घड्या त्याच्या कपाळावर ठेवायचे. घडी गरम झाली की बदलायचे, आणि भीमाने हा दगड कसा फोडला ते सांगत राहायचे. भिकाजीला ते सगळं एकदम आठवलं. तांब्या रिकामा झाला तरी त्याने तो हातातून सोडला नाही.

तोवर बाबा आत गेले होते. त्यांनी धुनी आपल्या हाताने विझवली. घोंगडी खांद्यावर टाकली, चिमटा घेतला.

“बाबा, मी साहेबांशी बोलतो,” भिकाजी घाईने म्हणाला. “पहारेकरी म्हणून तुम्हालाच ठेवून घेता येईल. पगारही मिळेल.”

“म्हणजे येणाऱ्याला मी परत पाठवायचं?”

“कुठे जाणार?” भिकाजीने विचारलं.

“उतरतो तर खरा.”

काहीतरी द्यावं म्हणून भिकाजी म्हणाला, “इथे पाटी लावणार आहेत, बाबा. मजकूर मीच लिहिणार आहे. कुणी खोदलं, केव्हा खोदलं, सगळं. त्या माळ्याचं नावसुद्धा.”

“लिही. नीट लिही.”

थोडं उतरून गेल्यावर बाबा थांबले. मागे वळले.

“आणि एवढंही लिही, की आत आता कुणी नाही. नाहीतर येणारा बाहेर उभा राहून हाक मारील... आणि वाट बघत बसेल.”