लाद्यांवरचा तांबडा डाग

समुद्राकाठच्या एका गावात रवळू नावाचा एक मासळीवाला राहत होता. माणूस मेहनती, पण कुणाचं ऐकायचं म्हटलं की त्याला कमीपणा वाटे. रोज सकाळी तो मोटारसायकलच्या दोन्ही बाजूंना मासळीचे डबे लटकावी, बायकोला, शेवंतीला, मागे बसवी आणि घाट चढून बाजाराला जाई. वाटभर बर्फाचं खारट पाणी मागचं चाक धरणाऱ्या लोखंडी चिमट्यावर गळत राही.

हा चिमटा आतून पोकळ असतो. सांध्यांतून आत शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून त्याला खालून एक बारीक भोक असतं. करणाऱ्याने काही विचार करूनच ते ठेवलेलं असतं, पण हे रवळूला कोण सांगणार?

गणपतीच्या आधी रवळूने अंगणात पांढऱ्या लाद्या बसवल्या. दुसऱ्याच दिवशी गाडीखाली तांबडा डाग. पुसला, तर पुन्हा डाग. शेवंती म्हणाली, "लोखंड गंजता हा. बाजारातून इल्यावर गाडी गोड्या पाण्यान धुवा आणि एकदा मेस्त्रीक दाखवा."

रवळूने वाकून पाहिलं. भोक दिसलं. अर्धा जन्म होडीवर गेलेला. भोक दिसलं की बुजवायचं, एवढंच त्याच्या हातांना ठाऊक. होडीला ठासतात तसा त्याने कापूस आणि डांबर ठासलं आणि वरून चंदेरी रंग फासला.

"बघ, आता एक थेंब भायर येवचो नाय."

खरंच आला नाही. पाहुण्यांनी लाद्यांचं तोंडभरून कौतुक केलं. पाणी मात्र चिमट्यात साचत राहिलं आणि लोखंड आतून खात राहिलं. शेवंतीने पुन्हा सांगून पाहिलं, "मागचा चाक डुलता. मागे मी बसतंय, माका कळता." रवळूचं उत्तर ठरलेलं, "डाग दिसता खय?" आता अशा माणसापुढे डोकं आपटून घ्यायचं की काय करायचं, तुम्हीच सांगा.

एके दिवशी घाटाच्या वळणावर चिमटा तुटला. चाक तिरपं झालं, डबे उडाले, शेवंती रस्त्यावर आपटली. रवळूला नुसतं खरचटलं. तिचा उजवा हात मोडला. शेजारी तुटक्या चिमट्यातून तांबडं पाणी वाहत होतं.

"एवढा पाणी आत होता?" रवळू पुटपुटला.

शेवंती कण्हत म्हणाली, "भायर येत होता, तेव्हा तुमका फक्त लादी दिसली."

आता रवळू नव्या चिमट्याचं भोक काडीने मोकळं ठेवतो, गाडी रोज गोड्या पाण्याने धुतो, चिमट्याच्या आत तेल सोडतो. बाजारात मासळी कापायलाही तोच बसतो, कारण शेवंतीच्या बोटांत सुरी धरण्याचं बळ राहिलेलं नाही. लाद्या मात्र अजून पांढऱ्याशुभ्र आहेत.

तात्पर्य: दोष दाखवणारी वाट बुजवली म्हणून दोष थांबत नाही, तो आत वाढत राहतो, आणि त्याचं फळ बहुतेक वेळा आपल्या भरवशावर मागे बसलेल्या माणसाला भोगावं लागतं.