विहिरीवरचा मुकादम

फार जुन्या काळची, माणसे तंबूत राहत आणि ओसाड रानातून वाट काढत होती तेव्हाची ही गोष्ट. मिसर देशात फारो राजाने इस्राएल लोकांना गुलाम करून पिढ्यानपिढ्या विटा पाडायला लावले होते. परमेश्वराने त्यांचा आक्रोश ऐकला, समुद्र दुभंगून वाट दिली आणि त्यांना सोडवून आणले. त्यांच्यासोबत इतर जातींचे पुष्कळ गुलामही निघाले. “बेड्या तोडणारा देव तुमचा, तर तो आमचाही,” असे म्हणत ते मागोमाग चालू लागले.

त्या लोकांत हदासा नावाची एक विधवा होती. तिचा नवरा मिसरात विटांचा चिखल तुडवताना उन्हाने कोसळून मेला होता. आता तिचे म्हणावे असे एकच माणूस उरले होते, तिचा धाकटा भाऊ मल्कीया.

एका मुक्कामावर वाळूने बुजलेली जुनी विहीर सापडली. पखालींतले पाणी संपत आले होते. वडीलजनांनी मल्कीयाला बोलावून सांगितले, “विहीर खणून घे. उरलेलं पाणीही तूच वाट.” हदासाला भावाचे फार कौतुक वाटले. काल चाबूक खाणाऱ्या माणसावर आज लोक विश्वास टाकत होते!

मल्कीयाने पहिल्याच दिवशी परक्यांना, म्हणजे सोबत निघालेल्या इतर जातींच्या लोकांना, खड्ड्यात उतरवले आणि आपल्या माणसांना सावलीत बसवले. दुसऱ्या दिवशी परक्यांचे पाणी निम्मे केले. तिसऱ्या दिवशी हातात काठी घेऊन त्याने हुकूम सोडला, “झरा लागेपर्यंत परक्यांना थेंबही नाही. खोदाई मात्र कालच्याइतकीच झाली पाहिजे.”

सावलीत बसलेल्या लोकांनी हे ऐकले. कोणी चकार शब्द काढला नाही. का काढावा? त्यांचे घसे ओले होते!

हदासा लांबच्या तंबूत आजाऱ्यांची सेवा करत होती. तिच्या कानांवर यातले काही आले नव्हते. त्या दुपारी आपल्या वाट्याचे पाणी घेऊन ती विहिरीवरून चालली होती. तेवढ्यात वाळूची पाटी डोक्यावर घेऊन वर चढणारी तेया नावाची परकी बाई काठावरच कोसळली. मल्कीया धावून आला आणि ओरडला, “ऊठ! आळशी आहात तुम्ही, आळशी! म्हणून पाणी पाणी करता!”

हदासा जागीच थिजली. नवरा चिखलात कोसळला तेव्हा मिसरी मुकादम त्याच्या अंगावर हेच ओरडला होता. शब्द तेच, तिरस्कारही तोच. फक्त तोंड तिच्या भावाचे होते.

तिने तेयाचे डोके मांडीवर घेतले आणि आपले मडके तिच्या ओठांना लावले.

“ताई, तू यात पडू नकोस,” मल्कीया म्हणाला. “ते पाणी आपल्या लोकांचं आहे. ही परकी आहे.”

“आणि मिसरात आपण कोण होतो रे? फारोचे जावई?”

“कामाला शिस्त लागते. धाक नसेल तर विहीर होणार कशी?”

“तो मुकादमही हेच सांगायचा.”

मल्कीयाचा चेहरा लाल झाला. त्याने काठी उगारली. हदासाने मडके हलू दिले नाही.

“मार,” ती म्हणाली. “या पाठीला सवय आहे. पण मारण्याआधी एवढं सांग, परमेश्वराने आपल्याला कशाला सोडवलं? मिसरात मुकादम कमी पडले होते, म्हणून?”

काठी तशीच हवेत राहिली. हदासा मग सावलीत बसलेल्यांकडे वळली.

“आणि तुम्ही! समुद्राकाठी डफ वाजवून नाचलात ना? देव दीनांचा कैवारी म्हणून गायलात ना? आज तुमच्या डोळ्यांदेखत एक बाई तहानेने मरते आहे आणि तुम्ही सावली सोडत नाही! लाज वाटत नाही देवाचं नाव घ्यायला?”

तिने पदर खोचला, तेयाची पाटी उचलली आणि स्वतः खड्ड्यात उतरली. थोड्या वेळाने एक म्हातारा उठला आणि तिच्यामागे उतरला. मग दोघे तरुण. मग माणसे इतकी झाली की पाट्या कमी पडल्या.

वडीलजनांपर्यंत बातमी गेली. त्यांनी येऊन मल्कीयाची काठी काढून घेतली आणि ठरवले, “जो खणेल तो आधी पिईल. परका आणि आपला असा भेद या विहिरीवर नाही. आणि मल्कीया, तूही खाली उतर.”

“मी आता गुलाम नाही,” असे पुटपुटत तो तंबूकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी झरा लागला. सगळे ओरडत, रडत पाणी प्यायले. मल्कीया तंबूतून बाहेर आला नाही. तेव्हा तेयाच भरलेले मडके घेऊन त्याच्याकडे गेली आणि ते त्याच्यापुढे ठेवून परतली.

संध्याकाळी तो बहिणीपाशी येऊन बसला. मग म्हणाला, “ताई, ते शब्द माझ्या तोंडून आले कसे?”

“लहानपणापासून तेच ऐकत आलास,” ती म्हणाली. “पण काठी तुला कोणी दिली नव्हती. ती तू उचललीस.”

एवढे बोलून ती उठली. पुढे कित्येक दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. मल्कीयाला परत कधी अधिकार मिळाला नाही. मात्र पुढच्या प्रत्येक मुक्कामावर खड्ड्यात सर्वांत आधी उतरणारा माणूस तोच असे, आणि पाणी पिणारा सर्वांत शेवटचा.

लहानथोरांनो, आपल्यालाही प्रभू येशूने आपले रक्त सांडून पापाच्या गुलामीतून सोडवले आहे. म्हणून हे ध्यानात ठेवा: देवाने सोडवलेला माणूस दुसऱ्याच्या मानेवर जू ठेवू लागला, तर तो आपल्या सुटकेचाच नव्हे, सोडवणाऱ्याचाही अपमान करतो.