कंदिलावरचं लेबल

मिरजेत कुमुदताईंच्या महिला गटात अनाथ मुली आकाशकंदील बनवत. दिवाळीची मोठी ऑर्डर द्यायला आलेल्या दुकानदार धरमशेठनी अट घातली, "प्रत्येक कंदिलावर 'अनाथ मुलींनी बनवलेला' असं लेबल हवं. लोकांना दया आली की माल हातोहात खपतो."

ऑर्डर जाईल या भीतीने ताईंनी शेठनी आणलेलं पहिलं लेबल तिथेच मुकाट्याने चिकटवलं. ते वाचून गटातल्या झुंबर नावाच्या मुलीने आपला कंदील पाठीमागे लपवला. ताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ताई शेठकडे वळल्या. "शेठ, आईवडील तर तुमचेही आता नाहीत. आधी तुमच्या पाटीवर 'अनाथाचं दुकान' लिहा. खप वाढला, तर आम्हीही लेबलं लावू."

शेठची मान खाली गेली. "राहू द्या लेबलं. कंदील तेवढे वेळेवर पाठवा," ते पुटपुटले.

ताईंनी चिकटवलेलं लेबल खरवडून काढलं. पण झुंबरकडे बघायचा धीर काही त्यांना झाला नाही.